काळजी वाटणं म्हणजे अविश्वास नव्हे



आपल्या मंडळ्यांमध्ये एक वाक्य फार सहज बोललं जातं, आणि ते आता बंद व्हावं असं मला वाटतं. कॉलेजात शिकणारी एखादी मुलगी प्रार्थनासभेत धीर करून सांगते, की इंटर्नशिपला जाताना पोटात गोळा येतो, रात्री झोप लागत नाही, आपल्याला हे जमणारच नाही असं सारखं वाटतं. लगेच कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणतं, "बाळ, काळजी करतेस म्हणजे विश्वास कमी पडतोय. प्रार्थना वाढव." सांगणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, त्याबद्दल शंका नाही. पण त्या मुलीच्या डोक्यावर आता दोन ओझी होतात. ऑफिसात आपण कमी पडतो हे एक होतंच, आता देवापुढेही कमी पडतो हे दुसरं. पुढच्या आठवड्यात विचारलं की ती म्हणते, "सगळं ठीक आहे, प्रभूची कृपा." ठीक काहीच झालेलं नसतं. तिनं सांगणं तेवढं बंद केलेलं असतं.

बरकतपुऱ्यात राहणाऱ्यांना ही मुलं नवी नाहीत. एका अंगाला काचीगुडा स्टेशन, दुसऱ्या अंगाला नारायणगुडा, आणि मधल्या गल्ल्यांतून हॉस्टेलं, मेस, झेरॉक्सची दुकानं. नांदेड-परभणीकडून येणारं मराठी पोर काचीगुड्याला उतरतं आणि बॅग ओढत इकडेच कुठंतरी खोली शोधतं. हे आजचं नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा आणि मग हैदराबाद राज्याचा भाग होता. पुढच्या शिक्षणासाठी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतली मुलं उस्मानिया विद्यापीठात यायची. १९१८ साली सुरू झालेल्या त्या विद्यापीठात शिकवण्याचं माध्यम उर्दू होतं, तेव्हा मराठी पोरांना गणित आणि शास्त्रंसुद्धा उर्दूतून शिकावी लागत. त्यांना काय वाटत असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते. आजच्या मुलांना मीटिंगमध्ये इंग्रजी, जेवणाच्या टेबलावर तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी हिंदी आणि रात्री घरच्या फोनवर मराठी. चार भाषांत दिवस काढायचा, आणि घाबरायचं मात्र एकट्यानं, मराठीत.

सकाळी नारायणगुड्याहून मेट्रो धरायची, परेड ग्राउंडला गाडी बदलून हायटेक सिटी गाठायची. जाताना रस्त्यात बरकतपुऱ्याचं भविष्य निधीचं मोठं ऑफिस लागतं. ज्यांच्या नावे अजून पीएफचं खातंही उघडलेलं नाही, अशी ही मुलं रोज त्याच्यासमोरून जातात. (बरकत या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. या मुलांच्या वाट्याला ती अजून यायची आहे.)

इंटर्नशिप म्हणजे नेमकं काय, हे आपल्यातल्या बऱ्याच ज्येष्ठांना ठाऊक नसतं, म्हणून थोडं सांगते. पूर्वी डॉक्टर होणाऱ्यांनाच ती एक वर्ष करावी लागे. आता जवळपास सगळ्याच शाखांत ती आली आहे. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ६०० ते ७०० तासांची इंटर्नशिप एआयसीटीईच्या धोरणात आहे. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू केली, तीत तेव्हा २१ ते २४ वर्षांच्या मुलांना मोठ्या कंपन्यांत एक वर्ष काम शिकायला मिळणार होतं आणि दरमहा ५,००० रुपये. महाराष्ट्र सरकारच्या कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला १०,००० रुपये. खाजगी कंपन्यांचं प्रत्येकीचं वेगळं. कुठं चांगला स्टायपेंड, कुठं फक्त प्रमाणपत्र.

आणि हे सगळं अधांतरी असतं. विद्यार्थी चुकला तर मार्क जातात. कायम नोकरीवरचा माणूस चुकला तर साहेब बोलतात, पण दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची तिथंच असते. इंटर्न चुकला तर काय होतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. सहा महिन्यांनंतर नोकरी मिळेल की 'थँक यू' म्हणून निरोप मिळेल, तेही नाही. त्यामुळे मॅनेजरचा दोन शब्दांचा मेसेज आला, 'बोलायचं आहे', की जेवण घशाखाली उतरत नाही. शेवटी बोलायचं असतं ते सुट्टीच्या तारखेबद्दल.

एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तिचं गाव आणि ऑफिस दोन्ही सोडून देते. तिला एक काम दिलं होतं. पहिल्याच दिवशी ती अडकली. शेजारी बसणाऱ्या दादाला विचारलं असतं तर दहा मिनिटांत सुटलं असतं, हे तिला नंतर कळलं. पण तिनं चार दिवस विचारलं नाही. का नाही विचारलंस, म्हटलं. तर म्हणाली, "विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं ना, की मला येत नाही." चार दिवस ती स्क्रीनकडे बघत बसली, रात्री हॉस्टेलवर येऊन यूट्यूबवर शोधत राहिली, आणि पहाटे तीनला देवाकडे मागत होती की सकाळच्या मीटिंगमध्ये आपला नंबर येऊ नये. हुशार मुलगी आहे. तिला तिथं घेतलं तेच मुळी परीक्षा आणि मुलाखत घेऊन. पण तिचं म्हणणं असं, की निवडताना त्यांची काहीतरी चूक झाली आणि ती आज ना उद्या उघडी पडणार.

या भावनेला नाव आहे. १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर लेख लिहिला. त्यांच्यासमोर आलेल्या स्त्रिया शिकलेल्या, यश मिळवलेल्या होत्या, तरी आपण खोट्या आहोत आणि एक दिवस पकडल्या जाणार, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी त्याला 'इम्पोस्टर' म्हणजे तोतयेपणाची भावना म्हटलं. पुढं हे पुरुषांतही दिसून आलं. आपली मुलगी वेगळी नाही, एकटी नाही, हे तिला कळणं हाच अर्धा आराम असतो. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे हे माझं पाप नाही?" हा प्रश्न तिच्या मनात कुठून आला, ते आपणच शोधायला हवं.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. फिलिप्पैकरांना लिहिताना पौल कशाचीही काळजी करू नका असं सांगतो, आणि हेच वचन आपण या मुलांना ऐकवतो. पण त्याच पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा अकरावा अध्याय उघडून पाहा. फटके, तारू फुटणं, भूक, थंडी असं सगळं सांगून झाल्यावर शेवटी तो म्हणतो की या सगळ्याशिवाय मंडळ्यांची चिंता त्याला रोज असते. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी शब्द एकाच मुळातला आहे. फिलिप्पैकरांच्या त्याच पत्रात तीमथ्याचं कौतुक करतानाही त्यानं तेच क्रियापद वापरलं आहे: तीमथ्यासारखी तुमची काळजी करणारा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही, अशा अर्थानं. ज्या शब्दानं एके ठिकाणी मनाई केली, त्याच शब्दानं दुसऱ्या ठिकाणी शाबासकी दिली. मग काळजी वाटणं हाच गुन्हा कसा ठरेल? मनाई आहे ती काळजी घेऊन एकट्यानं कुढत बसण्याला. म्हणून तर त्या वचनाचा पुढचा भाग तुमचं मागणं देवाला कळवा असा आहे. ज्याला काही वाटतच नाही, तो कळवणार काय?

कुणी म्हणेल, प्रभू येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात काळजी करणाऱ्यांना अल्पविश्वासी म्हटलंच आहे. हो, म्हटलं आहे. वादळात नावेतल्या शिष्यांनाही म्हटलं. पण त्यांना नावेतून उतरवलं नाही, आणि वादळही शांत केलं. शिवाय डोंगरावर तो ज्यांच्याशी बोलत होता, त्यांना उद्या काय खायचं हा खराच प्रश्न होता. त्यांना तो सांगतो की तुमच्या गरजा पित्याला ठाऊक आहेत. आणि त्या अध्यायाच्या शेवटी, प्रत्येक दिवसाला त्याचा त्याचा त्रास असतो हे तो स्वतःच मान्य करतो. इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात सहाव्या महिन्याचा निकाल डोक्यात घेऊन बसणाऱ्या मुलाला मला यातलं एवढंच सांगावंसं वाटतं: आजचा त्रास आज. मंगळवारचं काम मंगळवारी.

मला या विषयात सगळ्यात जवळचा वाटतो तो एलीया. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा, ईजबेलीची एक धमकी आली आणि पळाला. पहिला राजे, एकोणिसावा अध्याय. बैरशेब्याला त्यानं आपल्या चाकराला मागं ठेवलं आणि एकटाच रानात गेला. ही बारीकशी गोष्ट आपण वाचताना ओलांडून जातो. घाबरलेला माणूस सगळ्यात आधी सोबत सोडतो. हॉस्टेलमधली मुलं आधी मेसला जाणं बंद करतात, मग रविवारी देवळात येणं, मग फोन उचलणं. तेच हे. रतामाच्या झुडपाखाली बसून एलीयानं मरण मागितलं. देवानं त्याला तिथं प्रवचन दिलं का? देवदूतानं त्याला हात लावून उठवलं आणि निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढं केलं. तो खाऊन पुन्हा झोपला. दूतानं झोपू दिलं. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं, कारण पुढचा प्रवास त्याच्या ताकदीबाहेरचा आहे हे देवाला दिसत होतं. चाळीस दिवस चालून झाल्यावर, होरेबाला पोचल्यावर मग प्रश्न: तू इथं काय करतोस? आणि शेवटी दोन गोष्टी. एक, 'मी एकटाच उरलो' हे तुझं गणित चुकलं, अजून ७,००० आहेत. दुसरी, अलीशा. तो बैलांच्या बारा जोड्या घेऊन नांगरत होता, तिथून उठून एलीयाच्या मागं गेला आणि पुढं कितीतरी काळ त्याच्या हातावर पाणी घालायचं काम करत राहिला. म्हटलं तर इंटर्नच तो.

मोशेचंही पाहा. जळत्या झुडपापाशी त्यानं एकामागून एक पाच हरकती घेतल्या. मी कोण, लोक विश्वास ठेवणार नाहीत, मला बोलता येत नाही. देवानं एकदाही त्याला 'तू फार हुशार आहेस, तुला सगळं जमतं' असं म्हटलं नाही. आपण मुलांना धीर देताना नेमकं हेच म्हणतो, आणि ते त्यांना पटत नाही, कारण आपल्याला काय येत नाही हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. देवानं सांगितलं, मी तुझ्याबरोबर असेन. आणि शेवटी रागावला तरी बोलण्यासाठी अहरोनाला सोबत दिलं. मीटिंगमध्ये इंग्रजीतून दोन वाक्यं बोलताना ज्याचे हात थरथरतात, त्याला स्तुतीपेक्षा अहरोन हवा असतो. आदल्या रात्री ती दोन वाक्यं त्याच्याबरोबर चार वेळा म्हणून घेणारा कुणीतरी.

हे फक्त पवित्र शास्त्रातल्या माणसांचं नाही. पंडिता रमाबाईंचं नाव आपण मुक्ती मिशनमुळे आदरानं घेतो. १८८३ साली पंचविशीतल्या रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, त्या डॉक्टरकी शिकायला. ऐकू कमी येत असल्यामुळे ती वाट बंद झाली. ज्यासाठी समुद्र ओलांडला, तेच हातातून गेलं. त्याच वर्षी त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांचं मन तिथं इतकं ढासळलं की त्यांनी स्वतःचा जीव घेतला. रमाबाईंनी हे अगदी जवळून सोसलं. पुढं त्या ऑक्सफर्डला मॅक्सम्यूलर यांच्या घरी राहायला गेल्या. मॅक्सम्यूलर यांनी लिहून ठेवलं आहे, की रमाबाई मनानं इतक्या खचल्या होत्या की रोज रात्री त्यांच्या खोलीत झोपायला एका मोलकरणीची सोय करावी लागली.

संस्कृत शास्त्र्यांच्या सभेत न डगमगणारी, बाप्तिस्मा घेतलेली ही बाई रात्री खोलीत एकटी झोपू शकत नव्हती. तिचा विश्वास कमी होता असं म्हणायची माझी तरी छाती नाही. त्या घरच्यांनी तिच्या उशाशी माणूस ठेवलं. नंतर चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील बाईंच्या हाताखाली रमाबाई स्वतः शिकत होत्या आणि दुसरीकडे संस्कृत शिकवतही होत्या. एकाच इमारतीत विद्यार्थिनी आणि शिक्षिका. डॉक्टर त्या कधीच झाल्या नाहीत. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं ते त्यांनीच.

मुलांसाठी चार कामाच्या गोष्टी सांगते. अडलात तर अर्धा तास स्वतः झगडा, मग विचारा. विचारताना 'मला येत नाही' असं मोघम म्हणू नका. हे करायचं होतं, असं असं करून पाहिलं, इथं अडलं, असं सांगा. असा प्रश्न विचारणाऱ्याला कुणी मूर्ख समजत नाही, उलट याला काम कळतंय असं वाटतं. दुसरं, रोज झोपण्याआधी एका वहीत आज नवीन काय शिकलात ते एका ओळीत लिहा. यार्देन ओलांडल्यावर यहोशवानं बारा दगड रचून ठेवले होते, ते लोकांनी विसरू नये म्हणून. स्वतःवर शंका घेणारं मन जमा कधीच लिहीत नाही, सगळं नावेच लिहितं. महिन्याभरानं वही चाळली की हिशेब वेगळा दिसतो. तिसरं, डबा चुकवू नका आणि रात्र जागवू नका. एलीयाला आधी भाकर मिळाली, हे लक्षात असू द्या. आणि बरोबरीच्या मुलांनी लिंक्डइनवर काय टाकलं, ते झोपण्याआधी तरी पाहू नका.

पण दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, छाती धडधडत असेल, तर डॉक्टरांकडे जायला हवं. डोळ्यांचा नंबर काढायला जाताना आपण विश्वासाची परीक्षा मानत नाही, तसंच हे. जगणं नको असा विचार एकदा जरी आला, तरी त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे आणि तिथं मराठीतून बोलता येतं.

आणखी एक सांगायलाच हवं. प्रत्येक वेळी दोष मुलाच्या मनाचाच असतो असं नाही. इंटर्न म्हणून घ्यायचं, काही शिकवायचं नाही, रात्री दहापर्यंत बसवायचं आणि प्रमाणपत्राचा धाक दाखवायचा, अशी ठिकाणंही आहेत. गवत न देता विटांचा आकडा तोच मागणारा फारो मिसरातच राहिला असं नव्हे. इस्राएल लोकांना तेव्हा देवानं 'सहन करा, माझ्यावर विश्वास वाढवा' एवढं सांगून सोडलं नाही, बाहेर काढलं. कॉलेजच्या समन्वयकांना लेखी कळवून अशी जागा सोडणाऱ्या मुलाला कुणी पळपुटा म्हणू नये.

राहिली आपली मंडळी. ज्येष्ठांना माझी विनंती आहे. भेटल्या भेटल्या 'पर्मनंट झालास का?' हे विचारू नका. त्याऐवजी 'आज काय काम होतं?' असं विचारा आणि उत्तर कळलं नाही तरी ऐका. कुणी मन मोकळं केलं तर ते प्रार्थना-विनंती म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर नावानिशी टाकू नका. आपल्यात सरकारी कचेऱ्यांतून, बँकांतून, रेल्वेतून, शाळांतून निवृत्त झालेली कितीतरी माणसं आहेत. त्यांनी आपल्या पहिल्या वर्षाच्या फजित्या या मुलांना सांगाव्यात. मागं आमच्याकडे एका काकांनी सांगितलं, की पहिल्या महिन्यात साहेबांनी हाक मारली की ते आधी संडासात जाऊन दोन मिनिटं उभे राहायचे. खोलीभर मुलं हसली, आणि त्यातला एक मुलगा, जो तीन आठवडे काही बोलला नव्हता, म्हणाला, "काका, मी पण."

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर आम्ही मागच्या खोलीत बसतो. मराठी, तेलुगू, हिंदी, काहीही चालतं. लॅपटॉप घेऊन आलात तरी हरकत नाही, सोमवारच्या मीटिंगची तयारी तिथंच करू. दुपारचं जेवण असतं. मेसवाल्याला त्या दिवशीचा डबा नको म्हणून आधी सांगून ठेवा, म्हणजे पैसे वाया जायचे नाहीत.